मागचे ड्रम तापतात: शूला धरलंय कुणी, तेलाने की लोखंडाने?

प्रश्न थोडक्यात असा. गाडी जुनी पिकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम. २०-२५ किलोमीटर चालवली की मागून जळका वास येतो, दोन्ही ड्रम हात लावू देत नाहीत, उजवा जरा जास्तच. दोन महिन्यांपूर्वी मागचे शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून थांबवणारे ब्रेकचे तुकडे, नवे टाकले. त्यानंतर पेडल खोल जायला लागलं म्हणून हॅंडब्रेक आवळून घेतला. तापायला लागल्यावर दोन्ही व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू पसरवणारे) बदलले, तरी फरक नाही. आता मेकॅनिक म्हणतो ड्रम बदला. बदलावेत का?

इतक्यात नको. ड्रम तापतो, पण ड्रम स्वतःहून तापत नाही. त्याला कुणीतरी घासतंय म्हणून तो तापतो. शू बदलले, सिलिंडर बदलले, आता ड्रम बदलणार. पण ब्रेक सोडल्यावर शू मागे का येत नाही, हे या सगळ्यात कुणीच पाहिलेलं दिसत नाही. शू मागे आणायला स्प्रिंग असते. ती जिंकत नसेल तर दोनच शक्यता उरतात. पाइपात तेलाचा दाब अडकून राहिलाय, किंवा केबल, अ‍ॅडजस्टर, गंजलेली बॅकप्लेट (शूमागची पत्र्याची ताटली) यांपैकी एखादं लोखंड शूला धरून बसलंय. यातलं कोणतं, ते ब्रेकमधली हवा काढायच्या एका निपलवर दहा मिनिटांत कळतं. ते कळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या.

त्याआधी उष्णतेचा हिशोब एकदा डोळ्यांखालून घाला. सुमारे २००० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर चारही ब्रेक मिळून साधारण २८० किलोज्यूल ऊर्जा गिळतात. त्यातला १५ टक्के वाटा एका मागच्या ड्रमकडे आला आणि ड्रम १० किलोचा धरला, तर तो एका थांबण्यात जेमतेम ९ अंशांनी तापतो, आणि पुढच्या थांब्यापर्यंत वाऱ्याने बराचसा निवतो. आता उलट धरा. ब्रेक सोडलेला आहे, पण शू हलकेच घासतोय. टायरच्या कडेवर मोजली तर फक्त १० किलोची ओढ. त्याच वेगाला ही ओढ सुमारे १६०० वॅट उष्णता तयार करते. घरातल्या साध्या इस्त्रीपेक्षा जास्त, आणि तीही सतत चालू. १० मिनिटांत तोच ड्रम, उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर, २०० अंशांहून वर चढतो. १० किलोची ओढ इंजिनला फारशी जाणवत नाही. गाडी जरा जड वाटते एवढंच. म्हणून हा दोष वासावरून कळतो आणि तोवर लायनिंग, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, जळायला लागलेलं असतं.

मोजमापासाठी दुरून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. सपाट रस्त्यावर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून १०-१२ किलोमीटर चालवा, गाडी आपोआप मंदावू द्या आणि चारही चाकांचे आकडे लिहून घ्या. नवा चकचकीत धातू या यंत्राला फसवतो, त्यामुळे ड्रमच्या गंजलेल्या किंवा काळपट भागावरच रोखा. चारही चाकं म्हणतोय ती मुद्दाम. तुम्ही फक्त मागचं सांगितलंत, पुढच्या डिस्कचा आकडा मला हवा आहे, आणि कारण पुढे येईल. थर्मामीटर नसेल तर बोट ओलं करून एखादा थेंब ड्रमवर झटका. चुर्र झाला तर १०० च्या वर आहे. एक थेंब म्हणालो, बादली नाही. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर पाणी ओतलं तर तो तडकू शकतो.

ड्रमचा काठ गरम आहे की मधला हब, हेही बघा. काठ जास्त गरम असेल तर ब्रेक. मधोमध जास्त आणि काठाला कमी असेल तर बेअरिंग गेलंय आणि तुम्ही चुकीच्या आजारावर औषध घेताय. तुमच्याकडे लायनिंग जळल्याचा वास आहे, त्यामुळे बेअरिंगचा संशय कमी. पण चाक उचलल्यावर वर-खाली हलवून बघायला काही लागत नाही.

आता पहिला फाटा. ब्रेक घासतोय म्हणून तापतोय, की घासत नाही पण काम जास्त पडतंय म्हणून तापतोय? या दोन्हींचा इलाज पूर्ण वेगळा आहे. वास यायला लागला की सपाट, मोकळ्या जागी ताशी १५-२० वर गाडी न्यूट्रल करा. मोकळी गाडी बराच वेळ रेंगाळत जाते, धरलेली गाडी कुणीतरी मागून खेचल्यासारखी थांबते. थांबल्यावर हॅंडब्रेक ओढू नका. ओढलात तर जे तपासायचं तेच बिघडवून ठेवाल. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल ठेवा, मागचा अ‍ॅक्सल उचलून दोन्ही बाजूंना स्टॅंड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हात घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकाचा तळहात नंतर कसा दिसत होता तेही. चाक हाताने फिरवा. हलकीशी सर्र सर्र चालते. दोन हातांनी जोर लावावा लागत असेल तर ब्रेक धरलेला आहे.

ब्रेक धरलेला असतानाच, ड्रम गरम असतानाच, व्हील सिलिंडरच्या मागचं ब्लीडर निपल पाव आटा सैल करा. चष्मा घाला आणि निपलवर पारदर्शक नळी लावा, तेल कडक गरम असू शकतं. आता बघा.

तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं, तर पाइपात दाब अडकला होता. शू, ड्रम, स्प्रिंग, केबल सगळे निर्दोष, निदान मूळ गुन्ह्यात तरी. तेल नुसतं ओघळलं आणि चाक जसंच्या तसं घट्ट राहिलं, तर दोष ड्रमच्या आत किंवा केबलमध्ये, लोखंडाचा. एक अपवाद लक्षात ठेवा: सिलिंडरचा पिस्टनच गंजून अडकला असेल तर निपल उघडूनही चाक सुटत नाही. तुमचे सिलिंडर नवे आहेत, म्हणून तो मुद्दा तूर्त बाजूला. बहुतेक पिकअपमध्ये चॅसिसवरून मागच्या अ‍ॅक्सलवर एकच रबरी होज येते आणि तिथून दोन चाकांना पाइप फुटतात. त्यामुळे एका बाजूचं निपल उघडलं की दोन्ही चाकं सुटायला हवीत. एक सुटलं आणि दुसरं नाही, तर कदाचित दोन वेगळे दोष एकत्र नांदतायत. जुन्या गाडीत हे अगदी होतं.

गाडी थंड झाल्यावर ही तपासणी करून काही उपयोग नाही. थंड गाडीत निपल उघडलं, थोडं तेल आलं, चाक आधीच मोकळं होतं, निष्कर्ष शून्य. तरीही बहुतेक ठिकाणी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी तपासली जाते आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परत दिली जाते.

आधी लोखंडाची बाजू घेतो, कारण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला तिकडेच ढकलतंय: पेडल खोल गेलं म्हणून हॅंडब्रेक आवळला. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

ड्रम ब्रेकमध्ये पेडल किती खोल जाणार हे शू आणि ड्रममधल्या फटीवर ठरतं, आणि ती फट ठरवतो अ‍ॅडजस्टर, म्हणजे आतली दातेरी चाकाची आटेवाली दांडी. हॅंडब्रेकची केबल वेगळ्या वाटेने येते. ती शूवरच्या एका लिव्हरला ओढते आणि तो लिव्हर एका पट्टीतून दुसऱ्या शूला रेटतो. केबल आवळली की लिव्हर कायमचा थोडा ओढलेला राहतो, शू आपल्या मूळ जागी, म्हणजे वरच्या खिळीला टेकून, बसतच नाहीत. फट कमी झाल्याने पेडल वर येतं आणि सगळे खूष होतात. पण हे खोटं अ‍ॅडजस्टमेंट आहे. शू अर्धवट पसरलेल्या अवस्थेत लटकतात, कुठेतरी टेकतात आणि घासतात. वर आणखी एक नुकसान होतं. आपोआप अ‍ॅडजस्ट होणाऱ्या ब्रेकमध्ये त्या यंत्रणेला हलायला शू पूर्ण मागे येणं लागतं. केबलने ते अडवलं की अ‍ॅडजस्टर कामच करत नाही. मग लायनिंग झिजतं, पेडल पुन्हा खोल जातं, कुणीतरी पुन्हा केबल आवळतं.

मग मुळात नवे शू टाकल्यावर पेडल खोल का गेलं? नव्या शूने पेडल वर यायला हवं. माझा संशय असा की शू बदलताना डावा आणि उजवा अ‍ॅडजस्टर अदलाबदल झाले. एका बाजूचे आटे सुलटे, दुसऱ्या बाजूचे उलटे असतात. बाजू बदलली की यंत्रणा दातेरी चाक फिरवते खरी, पण दांडी लांब होण्याऐवजी आखूड होत जाते. प्रत्येक वेळी फट वाढते. ही चूक मी स्वतः केलेली आहे. दोन्ही बाजू एकदम उघडल्या, सगळे भाग एकाच ट्रेमध्ये टाकले आणि चहा प्यायला गेलो. तेव्हापासून एका वेळी एकच बाजू उघडतो, दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच ठेवतो. बऱ्याच अ‍ॅडजस्टरवर बाजूचं अक्षर कोरलेलं असतं. नसेल तर दातेरी चाक हाताने फिरवून बघा, लिव्हर ज्या दिशेने ढकलतो त्या दिशेला दांडी लांब व्हायला हवी.

तर मग काय करायचं. ड्रम उघडायच्याही आधी, गाडीखाली जिथे दोन्ही केबल एकत्र येतात तिथला नट पूर्ण सैल करा. केबल लोंबायला हवी. गरम, धरलेल्या अवस्थेत हे केल्यावर चाक मोकळं झालं तर गुन्हेगार सापडला. नट सैल करूनही केबल आतून मागे येत नसेल, तर तिच्या आवरणात पाणी शिरून गंज धरलाय. उजवी बाजू जास्त तापते, म्हणून आधी उजवी केबल. आतली तार हाताने ओढून सोडा. स्प्रिंगसारखी परत जायला हवी. रेंगाळली तर ती केबल टाकायची. तेल-ग्रीस पाजून ती दोन आठवडे चालते आणि नेमकी मुसळधार पावसात पुन्हा अडकते, म्हणून मी आता तो खटाटोप करतच नाही.

अ‍ॅडजस्टमेंटचा क्रम पक्का आहे आणि तो मोडायचा नाही. केबल सैल. ड्रमच्या आतला लिव्हर आपल्या थांब्याला टेकलेला आहे, शू खिळीला टेकलेले आहेत, याची डोळ्यांनी खात्री. मग ड्रम चढवून दातेरी चाकाने शू पसरवा, मध्ये एक-दोनदा पेडल दाबून शू मधोमध बसवा, चाक घट्ट होईपर्यंत न्या आणि तिथून इतके दात मागे या की चाकाला फक्त हलका स्पर्श ऐकू येईल. दोन्ही बाजू सारख्या. पेडल इथेच वर यायला हवं. त्यानंतर, सगळ्यात शेवटी, हॅंडब्रेकची केबल; तीसुद्धा लिव्हर सोडल्यावर चाक मोकळं राहील इतकीच.

ड्रम काढल्यावर पहिली नजर बॅकप्लेटवर टाका. शू ज्यावर सरकतो ते प्रत्येक शूमागे तीन, असे उंचवटे असतात. वर्षानुवर्षं शूची कड त्यावर घासून तिथे खाच पडते, शू बाहेर सरकतो आणि परत येताना खाचेत अडतो. नवा शू जुन्या खाचेत टाकला तर पहिल्या दिवसापासून अडतो. खोल खाच वेल्डिंगने भरून सपाट करावी लागते किंवा प्लेट बदलावी लागते. बारीक असेल तर कानस मारून, उच्च तापमानाच्या ब्रेक ग्रीसचं बोटभर नाही, नखभर बोट. साधं पिवळं ग्रीस वितळून लायनिंगवर येतं.

स्प्रिंग तर बदलाच. एकदा इतकं तापलं की स्प्रिंगची ताकद जाते. रंग उडालेला, वेटोळ्यांमध्ये फट दिसणारी, खाली टाकल्यावर टणटण वाजणारी स्प्रिंग थकलेली समजा. शू किटमध्ये बहुधा स्प्रिंग येत नाहीत आणि जुन्याच चढवल्या जातात. सगळ्या कामातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि शूला मागे आणणारी एकमेव.

शूंची जागाही बघा. वर एकच खीळ आणि खाली तरंगता अ‍ॅडजस्टर असा ब्रेक असेल तर आखूड लायनिंगचा शू गाडीच्या तोंडाकडे, लांब लायनिंगचा मागे. या रचनेत पुढचा शू मागच्याला रेटतो आणि मागच्यावर भार जास्त येतो. अदलाबदल झाली की आखूड लायनिंगवर तो सगळा भार येतो आणि ते भाजून निघतं. दोन्ही शू खाली पक्क्या आधारावर टेकणाऱ्या ब्रेकला मात्र हा नियम लावू नका, तिथे बहुधा दोन्ही सारखेच असतात.

ड्रमबद्दल विचारलंत म्हणून: ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. आतून मोजा. त्याच्या आत असेल, भेग नसेल, निळे-काळे कडक डाग नसतील, तर ड्रम राहू द्या. लेथवर घेतलेला असेल तर मात्र एक गोष्ट लोक विसरतात. लेथने ड्रमची त्रिज्या वाढते, नवा शू मूळ त्रिज्येचा असतो. म्हणजे शू फक्त मध्यभागी टेकतो, टोकं अधांतरी. सगळी उष्णता बोटभर पट्ट्यात. लायनिंगवर खडू फासून ड्रम चढवा, हाताने फिरवून काढा. खडू कुठे पुसला गेला ते बघा. मधेच पुसला असेल तर शू ड्रमच्या मापाला घासून घ्यावा लागतो. पण जुनं लायनिंग घासण्याच्या किंवा हवेने फुंकण्याच्या भानगडीत पडू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. धूळ ओली करून पुसायची, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही.

आता तेलाची बाजू. निपल उघडल्यावर चाक सुटलं, तर पुन्हा निपल बंद करा, पेडल दाबून ब्रेक परत धरतोय का बघा, आणि दाब कुठे अडतोय ते टप्प्याटप्प्याने शोधा. मी वरून सुरुवात करतो, कारण तिथे तेल सांडत नाही. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेलात दाब तयार करणारा) बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) ज्या दोन नटांनी लावलाय ते सैल करून सिलिंडर तीन-चार मिलिमीटर पुढे ओढा. चाकं सुटली तर बूस्टरचा पुशरॉड, म्हणजे मास्टरच्या पिस्टनला ढकलणारी दांडी, लांब आहे किंवा पेडलच पूर्ण वर येत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये एक सुईएवढं छिद्र असतं; ब्रेक सोडला की पिस्टन त्याच्या मागे जातो आणि गरम होऊन फुगलेलं तेल टाकीत परतायला वाट मिळते. पुशरॉडने पिस्टन केसभर जरी पुढे ठेवला तरी ते छिद्र बंद. तेल तापतं, फुगतं, जायला जागा नाही, दाब वाढतो, शू घासतो, तेल आणखी तापतं. थंड असताना ठीक आणि दहा किलोमीटरनंतर हळूहळू आवळत जाणारी गाडी ही या दोषाची खूण आहे. मात्र यात बहुधा पुढची चाकंही धरतात. म्हणून पुढच्या डिस्कचा आकडा मागितला.

मला सगळ्यात जास्त फिरवलं ते याच जातीच्या एका गाडीने. शू तीनदा बदललेले, ड्रम लेथवर घेतलेले, मास्टर सिलिंडर नवाकोरा. मी मास्टर सैल केल्यावर चाकं सुटली, म्हणून पुशरॉड मोजला, बरोबर होता. अर्धा दिवस गेला. शेवटी कंटाळून पेडलखाली डोकं घातलं तर ब्रेक लाइटचा स्विच दोन आटे जास्त आत बसवलेला. त्याने पेडलच वर येऊ दिलं नव्हतं. दिवा नीट लागत-विझत होता, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. तेव्हापासून पेडलला बोटाने हलवून मोकळी चाल आहे का हे मी आधी बघतो, पाना नंतर हातात घेतो.

मास्टर सैल करून चाकं सुटली नाहीत, तर मास्टरमधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या पाइपचा नट हलकेच सैल करा. सुटली तर मास्टरच्या आत छिद्र तुंबलंय किंवा रबर फुगलंय. नाही सुटली तर खाली सरका: चॅसिसवर जिथे लोखंडी पाइप रबरी होजला मिळतो तिथे, होजच्या आधी, सैल करा. इथे उघडून चाक सुटलं नाही पण व्हील सिलिंडरच्या निपलवर सुटतं, म्हणजे होज. बाहेरून धडधाकट दिसणारी होज आतून फुगते, आतल्या थराचा पापुद्रा सुटतो आणि झडपेसारखा वागतो. तुमच्या पायाचा जोर तेलाला पलीकडे ढकलतो, पण स्प्रिंगचा जोर ते परत आणायला पुरत नाही. अ‍ॅक्सलवर येणारी ती एकच होज दोन्ही मागच्या चाकांना धरते आणि पुढची निवांत असतात. तुमच्या लक्षणांशी हे चपखल जुळतं, म्हणून संशयितांच्या यादीत केबलनंतर होज. गाडी पहिल्यापासून त्याच होजवर असेल तर तपासण्याआधीच बदलली तरी मी हसणार नाही.

टाकीचं झाकण उघडून त्याच्या रबराकडेही बघा. फुगून वेडंवाकडं झालं असेल तर कुणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल ओतलंय. खनिज तेलाने ब्रेकमधलं सगळं रबर फुगतं. मग सुटका नाही: मास्टर, सिलिंडर, कॅलिपर (पुढच्या डिस्कला चिमटणारा भाग), होज, सगळी रबरं बदलायची आणि पाइप धुवायचे.

आता उरलेली शक्यता. गरम असताना चाक उचललं आणि ते मोकळं फिरतंय. म्हणजे ब्रेक धरत नाही, मागच्या ब्रेकवर काम जास्त पडतंय. पुढची डिस्क नेहमीसारखा ब्रेक वापरलेल्या फेरीतही जेमतेम कोमट आली असेल तर पुढचे कॅलिपर अडकलेत, पॅड संपलेत किंवा त्या सर्किटमध्ये हवा आहे. मागचे ड्रम एकटेच गाडी थांबवतायत. दुसरं, मागच्या अ‍ॅक्सलजवळचा वजनानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह. अ‍ॅक्सल आणि चॅसिसमधलं अंतर कमी झालं की तो समजतो गाडी भरलीय आणि मागे जास्त दाब सोडतो. जुन्या पिकअपचे पाटे बसलेले असतील तर रिकामी गाडीही त्याला भरलेली वाटते. त्याचा दांडा गंजून ‘भरलेली’ या जागेला अडकला तरी तेच. तिसरं, नवे व्हील सिलिंडर मूळ मापाचे आहेत का? २२.२ मिलिमीटरच्या जागी २५.४ चा बसवला तर बाहेरून फरक कळत नाही, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं आणि त्याच दाबाला शूवर सुमारे ३० टक्के जास्त जोर येतो. जुना सिलिंडर फेकला नसेल तर शेजारी ठेवून मोजा.

दोष सापडला तरी काम संपलं नाही, कारण उष्णतेने आधीच बरंच खाल्लंय. लायनिंग काचेसारखं चकाकत असेल किंवा कडा पांढऱ्या-भुरभुरीत झाल्या असतील तर दोन महिन्यांचे शू असले तरी गेले. सिलिंडरची धुळीची टोपी उचलून आत ओल आहे का बघा. अ‍ॅक्सलचं ऑइल सील ड्रमच्या शेजारीच बसतं आणि भाजलं की कडक होऊन गळायला लागतं. ते तेल शूवर आलं की तो शू धुऊन परत वापरू नका. आणि ब्रेक ऑइल. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पण हवेतलं पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते; डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. तुमच्या तेलाने किती चटके सोसलेत कोण जाणे. सगळं काढा, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नवं भरा, लांबच्या चाकापासून हवा काढत या. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी वापरावीच लागत असेल, तर वास आल्यावर उभी करून हॅंडब्रेक ओढू नका. २८० मिलिमीटरचा ड्रम २०० अंशांनी तापला की व्यास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. त्या फुगलेल्या ड्रमवर शू आवळून ठेवले तर निवताना ड्रम त्यांच्यावर आकसतो आणि सकाळी चाक जाम. गिअरमध्ये ठेवा, ठोकळा लावा. आणि उतारावर ती नेऊच नका. एकदा तेल उकळलं की पेडल सरळ तळाला जातं.

आता तुमच्यासाठी क्रम. उद्या गाडी तापवा, चार आकडे लिहा, उचला. हॅंडब्रेकच्या केबलचा नट सैल करा, सुटली का बघा. नाही सुटली तर निपल. माझी पैज केबल आणि उलटसुलट अ‍ॅडजस्टरवर आहे, पण निपलने वेगळं सांगितलं तर निपलचं ऐका. सगळं बसवल्यावर नवे शू बसायला मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० वरून हलकेच दहा-पंधरा ब्रेक, प्रत्येक दोनमध्ये निवायला वेळ देऊन. मग तीच १२ किलोमीटरची फेरी, तेच चार आकडे. डावं-उजवं जवळपास सारखं आलं आणि मागचे पुढच्यांपेक्षा थंड असले तर जमलं. २०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा मोजा आणि उजवा अजूनही १५-२० अंशांनी वर असेल तर आकडे घेऊन परत विचारा.